दुर्मिळ अळंबी? आधी ठसा घ्या

पाऊस लागला की नागपूरच्या सेमिनरी हिल्सवर फिरून आलेलं कुणीतरी अळंबीचा फोटो पाठवतं: ‘ही दुर्मिळ आहे का?’ फोटो बहुतेक वेळा वरून काढलेला असतो आणि त्यात दिसते ती फक्त पांढरी छत्री. पांढऱ्या छत्रीच्या जाती ढीगभर आहेत. ओळखीच्या खुणा असतात छत्रीच्या पोटाशी आणि मातीत.

विदर्भात वारुळावरच्या ज्या अळंब्यांना टेकोडे म्हणतात, त्या टर्मिटोमायसिस वंशातल्या. वाळवी पालापाचोळा चावून त्यावर ही बुरशी जोपासते. देठ उपटला तर निम्मा पुरावा जमिनीतच राहतो. खुरप्यानं सावकाश खणलं, तर देठाचं निमुळतं मूळ थेट वाळवीच्या घरापर्यंत गेलेलं दिसतं. (वनखात्याच्या हद्दीत मात्र परवानगीशिवाय खणू नये.) टर्मिटोमायसिस मायक्रोकार्पस याला अपवाद. वाळवीनं बाहेर आणून टाकलेल्या चोथ्यावर ती शेकड्यांनी उगवते, म्हणून तिला लांब मूळ नसतं.

सगळ्यात स्वस्त चाचणी बीजाणूंच्या, म्हणजे अळंबीच्या बियांसारख्या बारीक कणांच्या, ठशाची. देठ कापून छत्री कागदावर, पोटाकडची पापुद्र्यांची बाजू खाली करून, रात्रभर वाटीखाली झाकून ठेवायची. कागद अर्धा काळा, अर्धा पांढरा घ्यावा. पांढरे बीजाणू पांढऱ्यावर दिसत नाहीत. टेकोड्याचा ठसा गुलाबीसर येतो, बटन मशरूमच्या वंशाचा चॉकलेटी. हिरवट आला तर ती बहुधा हिरवळीवर उगवणारी विषारी क्लोरोफिलम मोलिब्डायटिस. कोवळेपणी तिचे पापुद्रे पांढरेच असतात, त्यामुळे नुसत्या डोळ्यांवर विसंबून ती ताटात येते आणि काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. ठसा जुळला म्हणजे अळंबी खाण्याजोगी, असंही नाही. अमॅनिटा वंशातल्या अत्यंत विषारी अळंब्यांचा ठसा साधा पांढरा असतो.

‘दुर्मिळ’ म्हणायला मला तरी संकोच वाटतो. बुरशीचं जाळं वर्षानुवर्षं मातीत असतं, छत्री दिसते जेमतेम काही दिवस. जगात नोंदलेल्या बुरश्या दीड लाखाच्या आसपास. 2017 चा एक अंदाज एकूण 22 ते 38 लाखांचा आहे, म्हणजे बहुतेक अजून नोंदलेल्याच नाहीत.

ठशानंतर नाव पक्कं करायला सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणूंची लांबी-रुंदी मोजतात आणि डीएनएचा आयटीएस हा तुकडा वाचतात. 2012 पासून बुरश्यांचा बारकोड, म्हणजे जात ओळखायची खूण, म्हणून तोच मान्य आहे. पण जुळवणी ज्या नोंदींशी करायची, त्यांतली काही नावंच चुकीची असतात. म्हणून नमुना वाळवून, जागा-तारीख लिहून पुण्याच्या आघारकर संस्थेतल्या आजरेकर या बुरश्यांच्या संग्रहासारख्या ठिकाणी ठेवावा लागतो. नावावर वाद झाला, तर तोच पुन्हा तपासता येतो.