सेमला फेब्रुवारीतच का? स्वीडनच्या घरगुती बेकिंगची पार्श्वभूमी

रील्समध्ये सेमला, केशराचे बन, सिनॅमन बन सगळं बाराही महिने दिसतं, त्यामुळे लक्षातच येत नाही की स्वीडनमध्ये यातल्या बऱ्याच गोष्टींचा महिना ठरलेला आहे आणि तो हवामानापेक्षा चर्चच्या कॅलेंडरने जास्त ठरवलाय.

सेमला घ्या. ईस्टरच्या आधीचे उपास साधारण फेब्रुवारीतल्या (कधी मार्चच्या सुरुवातीच्या) एका बुधवारी सुरू होणार म्हणून आदल्या मंगळवारी दाबून खाऊन घ्यायचं, त्यासाठीचा हा मैद्याचा बन. 16व्या शतकात स्वीडन प्रोटेस्टंट झालं, उपास सुटले, बन मात्र कोणी सोडला नाही (एकादशी दुप्पट खाशी म्हणणाऱ्यांना हे वेगळं समजावायला नको). तेव्हा तो गरम दुधात बुडवून खायचे. 12 फेब्रुवारी 1771, नेमका तोच मंगळवार, राजा आडोल्फ फ्रेड्रिक लॉबस्टर, कॅव्हियार, शॅम्पेन असं दणदणीत जेवला, वर दुधातला सेमला, आणि त्याच दिवशी गेला. बदनाम झाला तो सेमलाच, लॉबस्टरला कोणी काही बोलत नाही. बदामाची पेस्ट आणि वर क्रीमचा डोंगर हे आत्ताचं रूप बरंच नंतरचं.

डिसेंबरात लुसेकाटर, म्हणजे ते केशराचे बन, 13 तारखेच्या सेंट लुसियाच्या सणासाठी. ज्युलियन कॅलेंडर होतं तेव्हा वर्षातली सगळ्यात लांब रात्र हीच मानायचे.

पण हे सगळं घरोघरी बेक व्हायला लागलं ते फार जुनं नाही. 19व्या शतकात लोखंडी स्टोव्ह आले, बीटची साखर स्वस्त झाली, बेकिंग पावडर आली, तेव्हा कुठे घरच्या बाईला एक ट्रे कुकीज भाजणं परवडायला लागलं, नाहीतर विटांची मोठी भट्टी पेटवायची म्हणजे दिवसभराचं काम. आणि कॉफी! 1756 पासून तिच्यावर बंदी लागायची, उठायची, परत लागायची, 1820च्या दशकात ती कायमची उठली आणि मग कॉफी पार्ट्यांची लाटच आली, बायका दुपारी जमायच्या आणि टेबलावर सात प्रकारच्या कुकीज हव्यातच, सातपेक्षा कमी म्हणजे कंजूष, जास्त म्हणजे शो-ऑफ. 1945 साली 'सात प्रकारच्या कुकीज' याच नावाचं रेसिपीचं पुस्तक आलं, इतकं ते ठरून गेलेलं.

त्या सातात 'ड्रोमार' म्हणजे स्वप्नं नावाची कुकी असतेच असते. तिच्यात बेकिंगचा अमोनिया (अमोनियम बायकार्बोनेटची पूड) घालतात, आपल्याकडे बेकऱ्यांमध्ये बिस्किटांना वापरतात तोच. ओव्हन उघडला की नाकात झणका बसतो, पण कुकी पातळ आणि कोरडी असल्याने गॅस पूर्ण निघून जातो आणि मागे राहतो तो भुसभुशीतपणा. जाड केकमध्ये मात्र घालू नका, वास आतच अडकतो.

गोड बनच्या कणकेत वेलची मात्र बाराही महिने, नावात नसली तरी. बारीक पूड नाही, सोलून दाणे खलबत्त्यात जाडसर कुटतात, म्हणजे चावताना मध्येच दाताखाली येते. मूळची ही आपल्या पश्चिम घाटातली, पण आता जगात सगळ्यात जास्त वेलची निर्यात करतो तो ग्वाटेमाला.

राहता राहिला ऑक्टोबर, त्याला चर्चने काही दिलंच नव्हतं. सिनॅमन बन स्वीडनमध्ये तसा पहिल्या महायुद्धानंतरचा, मैदा-साखर-लोणी परत मिळायला लागल्यावरचा, आणि 1950च्या दशकात तो खरा घरोघरी पोचला. मग 1999 मध्ये घरगुती बेकिंगचा प्रचार करणाऱ्या एका संस्थेने 4 ऑक्टोबर हा सिनॅमन बनचा दिवस म्हणून जाहीर करून टाकला, आणि त्या संस्थेच्या मागे कोण, तर मैदा, साखर, यीस्ट, मार्जरीन विकणारे. सरळसरळ मार्केटिंग आहे, पण स्वीडनमध्ये लोक हा दिवसही आता सेमलाच्या मंगळवारासारखाच न चुकता पाळतात.