कॅमेऱ्याबाहेरची ठिणगी

"भाऊ, पोटमा करंट सोडतस का?"

अमळनेरकडच्या एका शेतकऱ्याने मला हे विचारलं, तेव्हा मी ऑपरेशन थिएटरमधून कॉटरी मशीन, म्हणजे विजेच्या उष्णतेने कापणारं आणि रक्त थांबवणारं यंत्र, तपासून बाहेर येत होतो. त्यांच्या बायकोच्या पित्ताशयात खडे झाले होते आणि दुसऱ्या दिवशी दुर्बिणीचं ऑपरेशन होतं. माझ्या हातातली वायर त्यांनी पाहिली होती. मी डॉक्टर नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या हॉस्पिटलांतली यंत्रं दुरुस्त करणं हे माझं काम. पण ज्या माणसाने आयुष्यभर विहिरीवरची मोटार सांभाळली, त्याला "काळजी करू नका" एवढ्यावर वाटेला लावणं बरं वाटेना. मी म्हटलं, हो, सोडतात. मग बाकावर बसून तासभर बोललो. त्या बोलण्यातलंच पुष्कळसं इथे लिहितो आहे.

त्यांचा पहिला प्रश्न रास्त होता: मग शॉक कसा बसत नाही? घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते. तेवढ्या अवधीत आपल्या नसा आणि स्नायू तिला प्रतिसाद देतात, म्हणून हात आखडतो, हृदय थांबू शकतं. कॉटरीची वीज सेकंदाला तीन ते पाच लाख आवर्तनं करते, काही यंत्रांत त्याहूनही जास्त. दिशा इतक्या झपाट्याने बदलते की नस उत्तेजित व्हायला अवधीच मिळत नाही. फ्रान्समधल्या दार्सोंव्हाल या शास्त्रज्ञाने १८९१च्या सुमारास हे दाखवून दिलं. पुढे विल्यम बोवी यांनी बनवलेलं यंत्र हार्वी कुशिंग या शल्यविशारदांनी १ ऑक्टोबर १९२६ रोजी बोस्टनमध्ये डोक्याची गाठ काढताना वापरलं, आणि रक्तस्रावाच्या भीतीने हात न लावलेल्या गाठी काढता येऊ लागल्या.

शॉक नाही, पण उष्णता आहे. तीच तर हवी असते. इथे तापलेल्या सळईने डाग देत नाहीत. वीज पेशींमधून जाते आणि पेशी स्वतःच तापतात. साधारण ६० अंश सेल्सियसला त्यांतली प्रथिनं अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी गोठतात, रक्त थांबतं. शंभराला पेशीतलं पाणी उकळून पेशी फुटते आणि ऊती कापली जाते. नेहमीच्या मोनोपोलर पद्धतीत वीज उपकरणाच्या टोकातून शिरते, शरीरातून जाते आणि मांडीला चिकटवलेल्या रुंद प्लेटमधून मशीनकडे परतते. टोकापाशी आणि प्लेटपाशी वीज तेवढीच, तरी टोकाखाली धूर निघतो आणि प्लेटखालची कातडी जेमतेम कोमट होते. पाटाचं पाणी अरुंद चारीत शिरलं की कसं बांध कोरत जातं, आणि तेच पाणी वाफ्यात पसरलं की मातीचं ढेकूळही हलत नाही, तसं हे आहे. टोकाचा व्यास निम्मा केला तर वीज चौपट दाटते आणि तिथली उष्णता सोळापट होते.

हा सोळापटीचा हिशेब लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

पोट उघडून केलेल्या ऑपरेशनात सर्जनला सगळं समोर दिसतं. दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा करतात, बेंबीजवळून कॅमेरा आणि दोन-तीन छिद्रांतून लांब उपकरणं घालतात. आपल्याकडे पित्ताशयाचं असं ऑपरेशन १९९० साली मुंबईत डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी पहिल्यांदा केलं. आता ते तालुक्याच्या गावीही होतं. रुग्णाचा फायदा मोठा आहे, यात शंका नाही. पण उपकरणाची दांडी फूटभराहून लांब आणि पडद्यावर दिसतं ते फक्त टोकाजवळचं काही सेंटिमीटर. उरलेली दांडी आतड्यांच्या शेजारून जाते, आणि त्या वेळी तिच्याकडे कोणाचंही लक्ष नसतं.

दांडीवर काळं इन्सुलेशन असतं. ते दर ऑपरेशनला ट्रोकारमध्ये, म्हणजे पोटाच्या छिद्रात बसवलेल्या नळीत, घासतं, नंतर ब्रशने घासून धुतलं जातं, निर्जंतुक करताना ऑटोक्लेव्हच्या वाफेत तापतं. कधीतरी त्याला बारीक चीर पडते. मोठा तुकडा उडाला तर सिस्टरच्या नजरेला येतो आणि उपकरण बाजूला पडतं. धोका असतो तो डोळ्यांना न दिसणाऱ्या छिद्राचा. छिद्र जितकं बारीक, तितकी तिथून निसटणारी वीज दाट, आणि आपला सोळापटीचा हिशेब तिथे आतड्यावर लागू होतो. मी तपासलेल्या एका हुकवर, म्हणजे आकड्यासारखं टोक असलेल्या उपकरणावर, भिंगाखालीही काही दिसलं नव्हतं. इन्सुलेशन टेस्टरचं कडं दांडीवरून सरकवत नेलं, तेव्हा मधोमध एका जागी टेस्टर वाजला. तो हुक त्याच दुपारी वापरला जाणार होता.

वीज भलतीकडे निसटायची ही पहिली वाट. दुसरी वाट सरळ आहे. विजेचं टोक चुकून दुसऱ्या धातूला, म्हणजे चिमट्याला, कॅमेऱ्याच्या नळीला किंवा आधी लावलेल्या क्लिपला टेकलं, तर वीज त्यातून पुढे जाते.

तिसरी वाट समजायला अवघड, कारण तिला छिद्रही लागत नाही. पण त्या शेतकऱ्याला ती पटकन कळली. शेतात दोन वायरी शेजारून गेल्या असतील, एकीत करंट असेल आणि दुसरी कुठेच जोडलेली नसेल, तरी दुसरीला टेस्टर लावला की तो मिणमिणतो. मध्ये आवरण शाबूत असूनही. दोन धातू आणि मधे इन्सुलेशन, म्हणजे कपॅसिटर झाला. बदलती वीज त्याच्या पलीकडे परिणाम करते, आणि जितकी आवर्तनं जास्त तितका जास्त. घरच्या ५० आवर्तनांच्या जागी पाच लाख आली, तर त्याच व्होल्टेजला पलीकडे जाणारी वीज दहा हजारपट होते. त्यात कॉटरीच्या रक्त गोठवायच्या 'कोॲग' मोडमध्ये व्होल्टेज हजारोंच्या घरात असतं. उपकरण धातूच्या ट्रोकारमधून गेलं की ट्रोकारमध्ये वीज उतरते. ट्रोकार पूर्ण धातूचा असेल तर ती पोटाच्या भिंतीत पसरून निरुपद्रवी होते. धातूच्या नळीला बाहेरून प्लास्टिकची कॉलर असेल, तर ती पसरायची वाट बंद होते आणि नळीला चिकटलेलं आतडं भाजतं. म्हणून अशी सरमिसळ करू नये. दोन कंपन्यांचे सुटे भाग जुळवून काम भागवण्याची आपली सवय इतरत्र चालते, इथे चालत नाही.

आतड्याचं भाजणं त्या क्षणी कळत नाही, आणि मला सर्वांत जास्त काळजी याच गोष्टीची वाटते. भाजलेला भाग फारतर पांढुरका दिसतो. तो मरतो सावकाश, आणि बहुतेकदा तीन ते सात दिवसांनी तिथे भोक पडतं. तोवर रुग्ण घरी गेलेला असतो. धडगाव-तोरणमाळकडच्या पाड्यावरून परत यायला अर्धा दिवस जातो, आणि घरात "गॅस झाला असेल" म्हणून ओवा देणं चाललेलं असतं. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतरचं दुखणं दिवसागणिक कमी व्हायला हवं. ते तिसऱ्या-चौथ्या दिवशी वाढू लागलं, पोट फुगलं, ताप आला, उलट्या सुरू झाल्या, नाडी जोरात चालू लागली, तर त्याच दिवशी ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना दाखवा. रात्र झाली असली तरी.

हे ज्ञान महाग पडून मिळालं आहे. १९७०च्या दशकात परदेशात दुर्बिणीतून नसबंदी करताना गर्भनलिका मोनोपोलर विजेने जाळत असत. आतडी भाजली, काही स्त्रियांचे जीव गेले. त्यातूनच एकीकडे बायपोलर चिमटा आला, ज्यात वीज एका जबड्यातून दुसऱ्यात जाते आणि मधली ऊतीच तेवढी तापते. दुसरीकडे वीज अजिबात न वापरता नलिकेवर चढवायची रिंग आली. आपल्या गावोगावच्या शिबिरांमध्ये बायकांना घातली जाते ती हीच रिंग.

सर्जनच्या हातात काय आहे? पुष्कळ. टोक पडद्यावर दिसत असेल तेव्हाच, आणि ते ऊतीला टेकल्यावरच वीज सोडणारं पायाखालचं पेडल दाबायचं. टोक हवेत असताना दाबलं तर विजेला पुढे वाट नसते, व्होल्टेज चढतं आणि ती चीर किंवा ट्रोकार शोधते. वीज कमीत कमी, दाबणं थोडा थोडा वेळ, जमेल तिथे 'कोॲग'ऐवजी कमी व्होल्टेजचा 'कट' मोड. बायपोलर असेल तर फारच उत्तम. दांडीभोवती धातूचं दुसरं कवच असलेली उपकरणंही मिळतात. निसटलेली वीज ते कवच मशीनकडे परत नेते, आणि ती वाढली तर मशीन स्वतः बंद पडतं. ती महाग आहेत. इन्सुलेशन टेस्टर मात्र एवढा महाग नाही, आणि तो प्रत्येक थिएटरात असावा असं माझं ठाम मत आहे. अल्ट्रासाउंडवर चालणाऱ्या उपकरणात शरीरातून वीज जात नाही, पण त्याचं पातं वापरानंतरही काही वेळ चटका देण्याइतकं गरम राहतं. लगेच आतड्याला टेकवायचं नाही.

प्लेटबद्दलही सांगायला हवं. ती कोरड्या, केस काढलेल्या, मांसल जागी पूर्ण चिकटलेली हवी. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या आसपास जातो, रुग्ण घामाने भिजून येतो. त्वचा पुसून कोरडी केल्याशिवाय प्लेट लावू नये. अर्धी सुटली तर तीच वीज उरलेल्या अर्ध्यात दाटते आणि मांडी भाजते. दोन भागांची प्लेट असेल तर नवी मशीन्स हे ओळखून थांबतात. एकदा वापरायची प्लेट चिकटपट्टी लावून पुन्हा वापरलेली मी पाहिली आहे, आणि ते पाहून मला राग येतो.

रुग्णानेही दागिने काढून द्यावेत: मंगळसूत्र, जोडवी, सातपुड्यातल्या आयाबायांचे चांदीचे कडे. निघत नसतील तर तसं सांगावं. पायात रॉड असेल, पेसमेकर असेल तर तेही न विचारता सांगावं.

त्या शेतकऱ्याने सगळं ऐकलं आणि शेवटी एकच विचारलं: उद्या जो हुक वापरणार, तो तपासला का? मी त्यांना घेऊन थिएटरच्या दारापर्यंत गेलो, सिस्टरना हाक मारली. त्यांनी दारातूनच वही उघडून त्या दिवशीच्या तपासणीची ओळ दाखवली. खाली माझी सही होती.