चौथ्या दिवशीचं रडू

केमोथेरपी घेऊन आलेली बाई पहिले दोन दिवस पुष्कळदा घरच्यांना चकित करते. रात्री झोप येत नाही म्हणून कपाट आवरायला काढते, बहिणीशी फोनवर तासभर बोलते, भूकही बरी असते. लोक घाबरवतात तेवढं काही हे अवघड नाही, असं सगळ्यांना वाटू लागतं. आणि मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती कोसळते. अंथरुणातून उठवत नाही, हुमणात, म्हणजे माशाच्या आमटीत, मीठ कमी पडलं एवढ्यावरून रडू फुटतं, आपण आता यातून उठत नाही असं ती मनाशी ठरवूनही टाकते.

या चढउतारातला बराच भाग औषधाचा असतो. उलट्या आटोक्यात राहाव्यात आणि काही औषधांची ॲलर्जी येऊ नये म्हणून केमोच्या दिवशी आणि पुढे दोन-तीन दिवस डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देतात. आपल्या शरीरात तयार होणाऱ्या कॉर्टिसोलसारखंच ते काम करतं, फक्त पंचवीस-तीस पट जोराने. त्याने झोप उडते, अंगात उसनं बळ येतं, माणूस चिडका होतो. गोळ्या थांबल्या की ते बळ ओसरतं आणि नेमका त्याच सुमारास केमोचा खरा थकवा अंगावर येतो. दोन्ही एकदम आले की रडू येणारच.

हे आधी ठाऊक असलं तर चौथा दिवस टळत नाही, पण त्या दिवशी मनात येणाऱ्या विचारांवर किती विश्वास ठेवायचा ते ठरवता येतं. शिवाय डॉक्टरांना सांगितलं तर गोळी सकाळच्या वेळी हलवता येते, पुढच्या खेपेला मात्रा कमी करता येते का तेही ते पाहतात. आपल्या मनाने मात्र ती बंद करायची नाही. आणखी एक गोष्ट गोव्यात विसरून चालत नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, गोव्यात आढळलं. डेक्सामेथासोन साखर चांगलीच चढवतं. त्या दिवसांतला थकवा, तहान, धूसर दिसणं हे सगळं केमोच्या खात्यावर टाकण्याआधी साखर तपासलेली बरी.

स्तनाच्या कर्करोगावर अजूनही सर्रास वापरलं जाणारं एक औषध म्हणजे डॉक्सोरुबिसिन. मातीत राहणाऱ्या स्ट्रेप्टोमायसिस वंशाच्या जिवाणूंकडून ते मिळालं. सरबतासारखं लालभडक दिसतं, आणि ते घेतल्यावर दिवसभर, कधी दुसऱ्या दिवशीही, लघवी लालसर होते. ते रक्त नसतं, औषधाचा रंग असतो. एका वाक्यात सांगता येणारी ही गोष्ट सांगायची राहून गेली, तर एखादं घर पूर्ण रात्र जागून काढतं. दुष्परिणामांतली अर्धी भीती अशी न सांगितलेल्या वाक्यांची असते, असं माझं मत आहे.

ही औषधं झपाट्याने विभागणाऱ्या पेशींवर हल्ला करतात. अशा पेशी गाठीत असतात, तशाच केसांच्या मुळांत, तोंडाच्या अस्तरात आणि हाडांच्या मज्जेतही असतात. म्हणून केस साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जाऊ लागतात. उपचार संपल्यावर काही महिन्यांत ते परत येतात, आणि सरळ केसांच्या बाईला कुरळे केस येण्याचीही उदाहरणं पुष्कळ आहेत. ‘केस काय, परत येतील’ हे वाक्य खरं असलं तरी ते ऐकवण्याची घाई करू नये. जिने पन्नास वर्षं अंबाड्यावर अबोलीचा गजरा माळला, तिला तो ठेवायला जागाच उरलेली नसते. त्याचं दुःख खरंच असतं आणि ते काही दिवस तसंच राहू द्यावं.

मज्जेवरचा परिणाम डोळ्यांना दिसत नाही आणि तोच सगळ्यांत धोक्याचा. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, न्यूट्रोफिल, तळाला जातात. या काळात १००.४ फॅरेनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला तर ती आणीबाणी समजायची. पॅरासिटामॉल देऊन ‘सकाळपर्यंत बघूया’ म्हणायचं नाही, कारण ताप दबतो आणि जंतू वाढत राहतात. काणकोणच्या टोकाला किंवा सत्तरीतल्या एखाद्या वाड्यावर राहणाऱ्यांनी तर रात्री गाडी कोणाची, फोन कोणाला, कोणत्या इस्पितळात जायचं हे केमोच्या आधीच ठरवून ठेवावं. पावसाळ्यात दुप्पट.

चवथीचं, म्हणजे गणेशचतुर्थीचं, काय, हा प्रश्न इथे हमखास येतो. माटोळी बांधलेली, मुंबईहून दीर-जावा आलेल्या, घर भरलेलं, आणि तिचे नेमके ते सात ते चौदा दिवस. तारखा आधीच मोजून डॉक्टरांपुढे ठेवल्या तर काही वेळा चक्र थोडं पुढेमागे करता येतं. कधी येत नाही. मग सर्दी-खोकला असलेल्यांनी दुसऱ्या खोलीत बसायचं, हात धुवायचे आणि तिच्याकडून नेवऱ्या तळून घेण्याचा हट्ट सोडायचा. त्या काळात कालवं-तिसऱ्या नीट शिजवूनच खायच्या, अर्धकच्चं काही नको. तोंड आलं असेल तर आंबट-तिखट झोंबतं. तेव्हा गार केलेली मऊ पेज आणि चिमूटभर मीठ याला तोड नाही. तोंड न येता नुसती चव गेली असेल, सगळं पत्र्यासारखं लागत असेल, तर उलट तेच आमसूल आणि लिंबू मदतीला येतात. गार अन्नाचा वास कमी येतो, म्हणूनही ते पोटात टिकतं.

वासावरून उलटीकडे वळायलाच हवं, कारण शरीर आणि मन यांची गाठ इथे सगळ्यांत स्पष्ट दिसते. शरीरातलं सुमारे नव्वद टक्के सेरोटोनिन आतड्यात असतं. केमोने आतड्याच्या अस्तरातल्या काही पेशी दुखावल्या की त्या सेरोटोनिन सोडतात, व्हेगस ही लांबलचक नस तो संदेश मेंदूच्या तळाशी पोचवते आणि उलटी होते. ओन्डान्सेट्रॉन ही सर्वांच्या ओळखीची गोळी हाच संदेश अडवते. पण एक दिवस उलटल्यानंतर येणारी मळमळ वेगळी असते, तिच्यात ‘सबस्टन्स पी’ नावाच्या दुसऱ्या रेणूचा मोठा वाटा असतो आणि तिला ॲप्रेपिटंटसारखं वेगळं औषध लागतं. म्हणून लिहून दिलेल्या गोळ्या उलटी झाली नाही तरी ठरलेल्या दिवसांपर्यंत घ्यायच्या. अलीकडे ओलान्झापीन हेही देतात. त्याने दिवसभर झापड येते ही तक्रार होती, तर मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या डॉक्टरांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत १० मिलिग्रॅमऐवजी २.५ मिलिग्रॅम दिले तरी उलट्या तितक्याच आटोक्यात राहिल्या आणि झोपाळूपणा घटला. एक चतुर्थांश मात्रा, म्हणजे थोडकी गोष्ट नव्हे.

आता मनाचा भाग. पणजीहून मडगावला जाणारी बस बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजच्या समोरून जाते. उपचार संपून वर्षं लोटली तरी त्या वळणावर पोटात ढवळून येतं, असं सांगणाऱ्या बायका आहेत. केमोच्या आदल्या रात्रीच, औषधाचा थेंबही शरीरात नसताना, काहींना उलटी होते. हे ढोंग नाही आणि नुसती भीतीही नाही. पावलॉव्हच्या कुत्र्यांना घंटा ऐकून लाळ सुटायची, त्याच यंत्रणेने मेंदूने सॅनिटायझरचा वास, नर्सचा गणवेश किंवा इमारतीचं दार यांची उलटीशी सांगड घातलेली असते. एकदा बसलेली ही सांगड नेहमीच्या उलटीच्या गोळ्यांना फारशी दाद देत नाही. सगळ्यांत चांगला उपाय म्हणजे पहिल्या खेपेलाच उलटी होऊ न देणं, कारण उलटीच झाली नाही तर मेंदू सांगड घालणार कशाची? पहिल्या केमोनंतर त्रास झाला आणि दुसऱ्या वेळी तो ‘असतोच’ म्हणून सांगितला नाही, तर तिथे नुकसान होतं.

सांगड बसलीच तर शिथिलीकरण, मनात दृश्य उभं करण्याचा सराव आणि संमोहन यांचा उपयोग होतो. संमोहन म्हटलं की आपल्याकडे जादूचे प्रयोग आठवतात, पण गोमंतकीयाने तरी हसू नये. १७५६ साली कांदोळीला जन्मलेल्या ॲबे फारिया या धर्मगुरूने पॅरिसमध्ये जाऊन ठासून सांगितलं की संमोहनात कोणताही चुंबकीय द्रव वगैरे वाहत नाही, सूचना स्वीकारणाऱ्याच्या मनातच सगळं घडतं. रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला त्याचा पुतळा पणजीला जुन्या सचिवालयाशेजारी आहे, फोटो काढून आपण पुढे जातो. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय इस्पितळात स्तनाच्या शस्त्रक्रियेआधी २०० बायकांवर झालेली एक चाचणी २००७ साली प्रसिद्ध झाली. ज्यांना पंधरा मिनिटांचं संमोहन दिलं, त्यांना शस्त्रक्रियेनंतर वेदना आणि मळमळ कमी झाली, भूलही कमी लागली.

पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या दुसऱ्या औषधाची गोष्ट निराळी. पेशीच्या आत सूक्ष्मनलिकांचं जाळं असतं. पेशी विभागताना ते मोडून पुन्हा उभारावं लागतं. पॅक्लिटॅक्सेल त्या नलिका घट्ट बांधून ठेवतं, म्हणून गाठीतली पेशी विभागू शकत नाही. पण नसांना याच नलिका रुळांसारख्या लागतात, त्यांच्यावरून पाठीच्या कण्याजवळून पायाच्या बोटांपर्यंत माल जातो. वाहतूक बिघडली की सर्वांत लांबच्या स्थानकांना आधी टंचाई जाणवते. म्हणून बधिरपणा आणि मुंग्या पायांची बोटं आणि हातांची बोटं इथून सुरू होतात. ब्लाउजचे हूक लागत नाहीत, अबोली गुंफताना फूल हातात आहे की नाही तेच कळत नाही. ‘हात जरा जड झालेत’ असं मोघम सांगितलं तर डॉक्टर पुढे जातील. ‘हूक लावता येत नाही, चप्पल पायातून निघालेली कळत नाही’ असं सांगा. त्यावरून मात्रा कमी करायची की औषध थांबवायचं हे ठरतं, आणि वेळेत ठरलं नाही तर हा बधिरपणा काहींना कायमचा चिकटतो. दुखरी जळजळ असेल तर डुलोक्सेटिनने अनेकांना आराम पडतो.

हाताबद्दलच एक जुना नियम मोडीत निघाला आहे. शस्त्रक्रियेत काखेतल्या लसिकाग्रंथी काढल्या की त्या बाजूच्या हाताने कळशी सोडाच, पिशवीही उचलायची नाही, असं वर्षानुवर्षं सांगत. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या कॅथरिन श्मिट्झ यांच्या गटाने हातसुजेचा त्रास आधीच असलेल्या बायकांकडून देखरेखीखाली, हळूहळू वाढवत वजनं उचलून घेतली. सूज वाढली नाही, उलट ती बळावण्याचे प्रसंग कमी झाले. फिजिओथेरपिस्टला विचारून सुरुवात करावी, विहिरीवर थेट जाऊन नव्हे.

आता ज्याच्याबद्दल मला राग येतो ते. ‘पॉझिटिव्ह राहा, मन खंबीर ठेव, अर्धा आजार मनानेच बरा होतो.’ भेटायला येणारा प्रत्येक जण फळांबरोबर हे ठेवून जातो. १९८९ साली मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगल यांच्या अभ्यासातून असं दिसलं होतं की पसरलेल्या स्तनकर्करोगाच्या बायका गटात बसून मोकळेपणाने बोलल्या तर जास्त जगतात. जगभर त्याचा गाजावाजा झाला. पुढे कॅनडात पामेला गुडविन यांनी २३५ बायकांवर ते पुन्हा तपासलं. २००१ साली निकाल आला: आयुष्य वाढलं नाही. मात्र बोलणाऱ्यांचं मन हलकं झालं, आणि वेदनाही कमी जाणवली. म्हणजे गटात बसायचं ते या मिळकतीसाठी, आणि ती काही कमी नाही. पण रडलेल्या बाईने स्वतःची गाठ वाढवली असा ठपका कोणी ठेवू नये, तिने स्वतः तर नाहीच.

आयुष्य वाढल्याचं दिसलं ते भलत्याच ठिकाणी. न्यूयॉर्कमध्ये एथन बाश यांनी पसरलेल्या कर्करोगाच्या ७६६ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाने आपला त्रास नेहमीप्रमाणे भेटीच्या वेळी सांगितला. दुसऱ्याने मळमळ, वेदना, धाप, थकवा यांची नोंद टॅबलेटवर किंवा संगणकावर नियमित केली आणि त्रास वाढला की नर्सला आपोआप सूचना गेली. २०१७ साली जाहीर झालेल्या आकड्यांत पहिल्या गटाचं मध्यम आयुर्मान २६ महिने, तर दुसऱ्याचं ३१.२ महिने निघालं. नवं औषध कोणतंच नव्हतं. तक्रारी वेळेवर कळल्या, त्यावर वेळेवर काही केलं गेलं, आणि लोक केमो जास्त काळ सहन करू शकले. आपल्या आया-आज्या सोसण्याला गुण मानत आल्या. डॉक्टरांनी ‘कसं आहे?’ विचारलं की ‘बरं आहे’ म्हणून उठणारी बाई इथे घरोघर आहे, आणि बाहेर आल्यावर नवऱ्याला सांगते की रात्रभर झोप नव्हती. साधी वही पुरते. तारीख, त्रास, शून्य ते दहा किती, त्यामुळे कोणतं काम अडलं.

मनाचा त्रासही त्याच वहीत लिहायचा. दोन आठवडे सलग उदास, कशातच रस नाही, मरणाचे विचार, असं असेल तर तो चौथ्या दिवसाचा खेळ नव्हे. बांबोळीलाच, गोवा मेडिकल कॉलेजजवळ, आयपीएचबी ही मानसोपचाराची सरकारी संस्था आहे. तिचं नाव घेतलं की लोक अजून आवाज खाली करतात. कर्करोगाच्या ओपीडीतून तिथे जाणं म्हणजे वेड लागणं नव्हे, हे निदान सासूला तरी आधीच सांगून ठेवावं. गंमत म्हणजे केमो चालू असताना नव्हे, तर ती संपल्यावर उदासी येते अशा बायकाही पुष्कळ. भेटी थांबतात, फोन थांबतात, घर म्हणतं झालं आता, आणि तिच्या हाती पुष्कळदा उरते पाच किंवा दहा वर्षं घ्यायची, इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचं काम अडवणारी टॅमॉक्सिफेनची गोळी.

या गोळीने अंगातून एकदम वाफ उठल्यासारखं होतं. मेंदूतलं तापमानाचं नियंत्रण इस्ट्रोजेनअभावी फार नाजूक होतं, अर्ध्या अंशाच्या फरकानेही घाम सुटतो. आपल्या दमट हवेत तो वाळत नाही, म्हणून मे महिन्यात हाल जास्त. व्हेन्लाफॅक्सिन हे उदासीवरचं औषध या वाफांवरही चालतं, तेव्हा एका गोळीत दोन कामं होतात. पण सगळीच औषधं अशी नाहीत. टॅमॉक्सिफेनचं प्रभावी रूप यकृतातल्या सीवायपी-टूडीसिक्स या विकरामुळे (एन्झाइममुळे) तयार होतं, आणि पॅरोक्सेटिन, फ्लुओक्सेटिन ही उदासीवरची दोन नेहमीची औषधं त्याच विकराला अडवतात. तेव्हा झोपेसाठी, उदासीसाठी किंवा वाफांसाठी गोळी लिहून देणारा डॉक्टर कोणीही असो, आयपीएचबीचा की कोपऱ्यावरच्या दवाखान्यातला, त्याला टॅमॉक्सिफेन चालू असल्याचं पहिल्या वाक्यात सांगायचं, आणि कर्करोगाच्या डॉक्टरांना त्या नव्या गोळीचं नाव.