वाळूवरचा बुळबुळीत थर धुऊ नका

वाळूच्या फिल्टरमधली वाळू दर महिन्याला उपसून, घासून, उन्हात खडखडीत वाळवून परत भरणारी माणसं टापटिपीची असतात खरी, पण त्या दिवशी त्यांनी आपला फिल्टर मारलेला असतो. वाळूवरचा तो बुळबुळीत थर घाण नसून गाळणीचं निम्मं काम तोच करतो.

वाळूतून संथ गाळण्याची रीत जुनीच. १८९२ साली हॅम्बुर्गमध्ये कॉलऱ्याने आठ हजारांवर माणसं दगावली. शेजारचं आल्टोना त्याच एल्ब नदीचं पाणी वाळूतून गाळून पीत होतं, ते बरंचसं बचावलं. पण त्या गाळणीला चोवीस तास वाहतं पाणी लागतं आणि घरात ओतायच्या सकाळ-संध्याकाळ एकेक कळशी. कॅल्गरी विद्यापीठातल्या डेव्हिड मँझ यांनी १९९०च्या दशकात यावर तोड काढली. तळातून निघणारा पाइप वर वळवायचा आणि त्याचं तोंड वाळूच्या पातळीच्या बरोबर ५ सेंटिमीटर वर ठेवायचं. पाणी तिथवर उतरून आपोआप थांबतं, वाळू कधी उघडी पडत नाही.

सगळी मेख या ५ सेंटिमीटरमध्ये आहे. वरच्या एक-दोन सेंटिमीटर वाळूत जिवाणू आणि एकपेशीय जीव वस्ती करतात आणि नव्या पाण्यातले रोगजंतू खातात. त्यांना प्राणवायू मिळतो तो वरच्या पाण्यातून झिरपून. पाणी १० सेंटिमीटर झालं की तो पुरेसा पोचत नाही, २ झालं की ओतलेली धार थर उखडते. (धार फुटावी म्हणून वर भोकांची ताटली हवीच.) खालच्या वाळूत ना प्राणवायू ना खाणं, तिथे अडकलेले जंतू आपोआप मरतात. म्हणून दोन ओतण्यांत निदान तासभर अंतर ठेवावं, पण ४८ तासांपेक्षा जास्त नाही. थर जमायला दोन ते चार आठवडे लागतात, तोवर पाणी उकळूनच प्यावं.

किनाऱ्यावरची वाळू फुकट असली तरी नको, तिच्यात मीठ आणि शिंपल्यांचा चुरा असतो. क्रशरची बारीक कच ०.७ मिलिमीटरच्या चाळणीतून काढून धुवावी. बाटलीत पाण्यासोबत हलवून तीन-चार सेकंद थांबा. पाण्यातून वाळूचा माथा दिसला की पुरे. त्याहून स्वच्छ धुतली तर पाणी धो-धो उतरतं. टाकी काठोकाठ असताना लिटरभर पाण्याला अडीच मिनिटं लागली पाहिजेत.

हमखास होणारी चूक म्हणजे पाइपला तोटी बसवणं. तोटी बंद केली की पाणी वर साचतं आणि थर गुदमरतो. रबरी नळी खाली सोडली तर ती वाळूखालचं पाणीही ओढून घेते. दुसरी चूक टीसीएलची, म्हणजे क्लोरीनच्या जंतुनाशक पावडरीची. पावसाळ्यात विहिरीत पावडर टाकतात आणि तेच पाणी फिल्टरमध्ये ओतलं की थर मरतो. क्लोरीन गाळल्यावर, साठवणीच्या भांड्यात. आणि ते टाळू नका, कारण काविळीचे विषाणू ही गाळणी पूर्ण अडवत नाही. खाडीकाठचं मचूळ पाणीही तिच्याने गोड होत नाही, तिथे आरओच लागेल.

पण जांभ्यातल्या गोड्या विहिरीला आरओ कशाला? आरओ विकणारा पाण्यात दोन सळया बुडवून, त्यांत वीज सोडून पाणी तपकिरी करून दाखवतो, ते बहुतेक लोखंडी सळईचंच गंजणं असतं.

पहिल्या पावसाचं तांबडं पाणी रात्रभर निवळून, कपड्याने गाळूनच ओतावं. तरी धार मंदावली तर वरच्या पाण्यात बोटांनी हलकेच गोल फिरवा, गढूळ झालेलं पाणी तांब्याने काढून टाका. वाळू तशीच राहू द्या. पुढचे काही दिवस पुन्हा उकळून प्या.