चरबी कमी झाली की मेंदूला कसं कळतं?

माझा भाचा साताऱ्याला एका जिममध्ये जातो. वय चोवीस. फेब्रुवारीत तो शरीरसौष्ठवाच्या एका स्थानिक स्पर्धेत उतरला, तेव्हा पोटाचे सहाही कप्पे दिसत होते आणि मांडीवरच्या शिरा लांबून मोजता येत होत्या. मे महिन्यात आमच्याकडे आला तो पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून. हात गार. रात्री दोनला भुकेनं उठून डबे उघडत होता. सकाळी म्हणाला, "मामा, डाएट तेच आहे, व्यायाम तोच आहे, तरी स्नायूंचे कट्स जायला लागले. सर म्हणतात, वर्षभर तसंच राहता येतं, फक्त इच्छाशक्ती पाहिजे."

त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितो. कारण हा समज फार पसरला आहे आणि त्यापायी चांगली कष्टाळू पोरं स्वतःला दोषी धरतात.

चरबी म्हणजे गोदामात पडलेली पोती, असं आपण धरून चालतो. पण हे गोदाम दररोज मेंदूला हिशेब पाठवतं. हे कसं उलगडलं, ती कथा मला जीवशास्त्रातल्या सर्वांत सुंदर कथांपैकी एक वाटते.

अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बर गावी जॅक्सन प्रयोगशाळा आहे. तिथे १९४९मध्ये उंदरांच्या एका वाणात काही पिल्लं कमालीची लठ्ठ निघाली. सतत खायची, हलायची नाहीत. त्यांना नाव पडलं 'ओबी'. पुढे १९६६मध्ये दुसरा लठ्ठ वाण सापडला, त्याला मधुमेहही होता. तो 'डीबी'. दिसायला दोन्ही सारखेच. डग्लस कोलमन या शास्त्रज्ञानं दोन उंदरांच्या कुशी एकमेकींना शिवल्या. काही दिवसांत त्या जागी केशवाहिन्या जुळतात आणि एकाचं थोडं रक्त दुसऱ्यात जात राहतं.

डीबी उंदीर साध्या उंदराला जोडला, तर साध्या उंदरानं खाणंच सोडलं आणि तो उपासमारीनं मेला. डीबीला मात्र काहीच झालं नाही. ओबी साध्याला जोडला, तर ओबीचं खाणं कमी झालं, तो बारीक होऊ लागला. मग दोन लठ्ठच एकमेकांना जोडले. ओबी उपाशी मेला, डीबी खातच राहिला.

इथे वाचकानं जरा थांबून स्वतः कोडं सोडवून पाहावं. रक्तातून 'पोट भरलंय, साठा पुरेसा आहे' असा निरोप वाहतो आहे. ओबीला तो निरोप तयार करता येत नाही, पण दुसऱ्याकडून आला तर ऐकू येतो. डीबी निरोप भरमसाट तयार करतो, पण त्याला स्वतःला तो ऐकूच येत नाही. कोलमन यांनी हा निष्कर्ष काढला, तेव्हा तो पदार्थ कुणी पाहिलाही नव्हता. १९९४मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाला त्याचं जनुक सापडलं. निरोप्या होता १६७ अमिनो आम्लांचा एक प्रथिन-रेणू, आणि तो बनत होता खुद्द चरबीच्या पेशींत. 'बारीक' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला लेप्टिन म्हटलं गेलं.

आता मेंदूकडे. हायपोथॅलॅमस नावाच्या त्याच्या एका लहानशा भागाच्या तळाशी, रक्तातले निरोप सहज पोचतील अशा जागी, मज्जापेशींचे दोन गट आहेत. एक एजीआरपी नावाचा रेणू बनवतो आणि भूक चेतवतो. दुसरा पीओएमसी नावाचं प्रथिन बनवतो, त्यापासून निघालेला रेणू एमसी-४ नावाच्या ग्राहीला, म्हणजे पेशीवरच्या निरोप घेणाऱ्या रेणूला, चिकटून भूक शमवतो. लेप्टिन पहिल्याला दाबतं, दुसऱ्याला उठवतं. लेप्टिन घटलं की पहिला मोकाट सुटतो, आणि तो जो एजीआरपी सोडतो तो त्याच एमसी-४ ग्राहीवर जाऊन बसतो, म्हणजे शमवणाऱ्याची जागाच अडवतो. याच केंद्रातून पुढे थायरॉइडकडे आणि प्रजननाच्या संप्रेरकांकडे आज्ञा जातात. म्हणून भूक वाढते, अंग गार पडतं, पुरुषात टेस्टोस्टेरॉन उतरतं, स्त्रीची पाळी थांबते. ही सगळी एकाच तुटवड्याची लक्षणं आहेत.

पुरावा हवा? तीन दिवस पूर्ण उपवास केला, तर चरबी जेमतेम घटते, पण रक्तातलं लेप्टिन निम्म्याच्याही खूप खाली येतं. साठा संपायच्या आधीच धोक्याची घंटा वाजते. अशा उपाशी पुरुषांना लेप्टिनची इंजेक्शनं दिली, तर अन्न न देताही टेस्टोस्टेरॉनची घसरण थांबते. दहा टक्के वजन उतरवून तिथेच टिकून राहिलेल्या लोकांचा रोजचा ऊर्जाखर्च, त्यांच्या नव्या वजनाला अपेक्षित असतो त्यापेक्षा साधारण ३०० कॅलरींनी कमी निघतो. हे मूळच्या सडपातळ माणसांतही होतं. त्यांचं लेप्टिन पूर्वीच्या पातळीवर नेलं की तो खर्च बराचसा परत वर येतो. भाचा 'तेवढंच' खात होता, हे खरंच होतं. त्याचं शरीर मात्र तेवढ्यातून बचत करायला शिकलं होतं.

उलट दिशेला ही घंटा फारशी वाजत नाही. लेप्टिन वाढलं म्हणून लठ्ठ माणसाची भूक मरत नाही. म्हणूनच ते वजन उतरवण्याचं सर्रास औषध ठरलं नाही. ही यंत्रणा दुष्काळाच्या भीतीनं घडलेली आहे.

तेव्हा 'फॅट बर्नर'च्या बरण्या, घाम काढणारे पट्टे, रिकाम्या पोटी मध-लिंबू, चरबी वितळवणाऱ्या चुंबकाच्या अंगठ्या यांवर कष्टाचा पैसा घालवू नका. यातलं काहीच मेंदूतल्या त्या केंद्राची समजूत काढू शकत नाही. बाराही महिने कोरीव दिसणाऱ्या फोटोंपैकी अनेक एकाच दिवशी, पाणी तोडून, प्रकाश जुळवून काढलेले असतात. काहींमागे स्टेरॉइड असतात, म्हणजे मेंदूनं बंद केलेलं संप्रेरक सुईनं बाहेरून भरलेलं असतं.

प्रत्येकाची पातळी वेगळी असते, हेही खरं. कॅनडातल्या लाव्हाल विद्यापीठात सारख्या जुळ्यांच्या १२ जोड्यांना शंभर दिवसांपैकी ८४ दिवस रोज १००० कॅलरी जास्तीच्या खायला घातल्या. कुणाचं वजन ४.३ किलो वाढलं, कुणाचं १३.३. पण एकाच जोडीतले दोघे बरेचसे सारखे वाढले. आणि बारीक दिसणं म्हणजे चरबी कमी, असंही नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४मध्ये स्वतःचीच मापं छापली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा निर्देशांक, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२.

भाच्याला मी शेवटी एकच नोंद वाचायला दिली. स्टेरॉइड न घेणाऱ्या एका अमेरिकन शरीरसौष्ठवपटूला संशोधकांनी वर्षभर मोजलं, २०१३मध्ये ते प्रसिद्ध झालं. सहा महिन्यांच्या तयारीत चरबी १४.८ वरून ४.५ टक्क्यांवर आली. टेस्टोस्टेरॉन मिलिलीटरला ९.२२ वरून २.२७ नॅनोग्रॅमवर. नाडी मिनिटाला ५२ वरून २७ ठोक्यांवर. स्पर्धेनंतर सहा महिन्यांनी टेस्टोस्टेरॉन ९.९१ झालं होतं, नाडी ४६. आणि चरबी १४.६ टक्के.