भूत-हेरकथा

जिच्यात गुन्ह्याचा तपास भूत करते, किंवा निदान तपास करणाऱ्याच्या मानगुटीवर बसून त्याच्याकडून करवून घेते, आणि जिचा कल वाचकाला घाबरवण्यापेक्षा हसवण्याकडे असतो, अशी रहस्यकथा. मराठीत तिला एकच रूढ नाव नाही. ‘विनोदी भूतकथा’ म्हटले तर तपास हरवतो, ‘गूढकथा’ म्हटले तर हसू हरवते. या प्रकाराचे बीज मात्र मराठी शब्दातच आहे. भूत म्हणजे पिशाच्च, आणि भूत म्हणजे होऊन गेलेले. गुप्तहेराचे सारे काम होऊन गेलेल्या गोष्टींशी असते. ही चौकशी भुताकडेच सोपवावी, हा विनोद भाषेला आधी सुचला, लेखकांना मागाहून. या नोंदीत हा प्रकार आणि तो लिहिणाऱ्याचे काम कोल्हापूरच्या अंगाने पाहिले आहे.

पूर्वपीठिका

भूत आणि कोडे यांची जोडी आपल्याकडे जुनी आहे. वेताळाच्या पंचवीस गोष्टी अकराव्या शतकातल्या सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त आहेत. मराठीत त्या एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी ‘वेताळपंचविशी’ म्हणून आणल्या. राजा प्रेत खांद्यावर टाकून निघतो, प्रेतातला वेताळ वाटेत एक पेच सांगतो, आणि उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर डोक्याची शकले होतील असा दम भरतो. राजा बोलला की वेताळ पुन्हा झाडावर. इथे कोडे घालणारा मेलेला आणि सोडवणारा जिवंत. आजच्या भूत-हेरकथेने ही वाटणी उलटी केली: उत्तर मेलेल्याला ठाऊक असते आणि सिद्ध करायची जबाबदारी जिवंतावर येते. खांदा मात्र तोच.

छापील मराठी रहस्यकथेत भूत बराच काळ खोटेच निघत असे, म्हणजे चादर पांघरलेला चुलता किंवा पडक्या वाड्यातला तस्कर. गो. ना. दातार यांनी रेनॉल्ड्सच्या इंग्रजी कादंबऱ्या मराठी वळणावर आणल्या. बाबुराव अर्नाळकर (१९०६–१९९६) यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि धनंजय-छोटू, झुंजार, काळा पहाड ही नावे घरोघरी नेली. दुसऱ्या बाजूला नारायण धारप (१९२५–२००८) यांचा नायक समर्थ अमानवी शक्तींशी खरोखरच लढतो, पण ते काम गंभीर असते, तिथे हसायला जागा नाही. अनंत अंतरकरांच्या ‘नवल’सारख्या मासिकाने गूढ, भय आणि रहस्य यांना एका मुखपृष्ठाखाली आणले. हेरकथा आणि भूतकथा असे शेजार-शेजारच्या घरांत राहत होत्या. मधली भिंत पाडली ती विनोदाने.

कोल्हापूरचे या इतिहासातले ठळक नाव बाबा कदम (वीरसेन आनंदराव कदम) यांचे. त्यांच्या कादंबऱ्यांत भूत हेर नाही. पण सरकारी वकील म्हणून पाहिलेले कोर्ट, आरोपी, साक्षीदार आणि गावगाड्यातली भाऊबंदकी त्यांनी कादंबरीत आणली. गुन्ह्याची गोष्ट लिहिणाऱ्याला मुंबईलाच राहावे लागते हा समज त्यांच्या पुस्तकांपुढे टिकत नाही. वाचकवर्गही इथे जुनाच आहे. करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचे, म्हणजे मराठी कादंबरीपेक्षाही वयाने मोठे.

घडण

१९२९ साली इंग्लंडमध्ये रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरू-लेखकाने रहस्यकथेचे दहा नियम सांगितले. त्यांतला दुसराच असा की अलौकिक शक्ती वापरायची नाही. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये रहस्यकथाकारांचा डिटेक्शन क्लब स्थापन झाला. त्याच्या सदस्यांना घ्याव्या लागणाऱ्या शपथेतही दैवी साक्षात्काराला बंदी होती. कारण सरळ आहे. वाचक आणि लेखक यांचा हा डाव, आणि पत्ते दोघांपुढे सारखे हवेत. भिंतीतून आरपार जाऊन तिजोरीतले कागद वाचणारे भूत दहाव्या पानावर कादंबरी संपवते.

चांगली भूत-हेरकथा हा नियम मोडत नाही, त्याला वळसा घालते. भूत काय करू शकते आणि काय नाही हे ती सुरुवातीलाच सांगून टाकते आणि मग शेवटपर्यंत त्या शब्दाला जागते. भुताला सगळे कळत नाही. आपण कोणत्या खोलीत मेलो ते आठवते, कोणी मारले ते आठवत नाही. एखाद्याला वस्तू हलवता येत नाही, एखाद्याला उंबरा ओलांडता येत नाही. १९६९–७०मधल्या एका ब्रिटिश दूरचित्रवाणी मालिकेत मेलेला भागीदार फक्त एकालाच दिसत असे. त्यामुळे जिवंत भागीदार चारचौघांत हवेशी बोलणारा वेडा ठरे. ही युक्ती पुढे इतकी वापरली गेली की आता ती टाळणेच बरे.

सर्वांत मोठा अडसर कायद्याचा, आणि विनोदाची खरी खाणही तिथेच आहे. भारतीय पुरावा कायदा, १८७२ मधल्या कलम ३२ प्रमाणे मयताने मरण्यापूर्वी आपल्या मृत्यूच्या कारणाविषयी केलेले विधान पुराव्यात येते. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ चे कलम २६ आले. मेल्यानंतर केलेल्या विधानाची सोय जुन्या कायद्यात नव्हती, नव्यातही नाही. साक्षीदाराने स्वतः पाहिलेले सांगायचे असते. ‘मला भुताने सांगितले’ ही ऐकीव गोष्ट झाली, आणि ऐकवणाऱ्याला उलटतपासाला उभे करता येत नाही. त्यामुळे गुन्हेगार कोण हे तिसऱ्या प्रकरणात कळले तरी उरलेली सगळी पाने पुरावा गोळा करण्यात जातात. वाचकाने हळहळायचे ते इथे: सत्य समोर पिंपळाच्या फांदीवर पाय हलवत बसले आहे आणि फौजदार त्याच्याखाली उभा राहून पंचांच्या सह्या घेतो आहे.

महाराष्ट्रात आणखी एक भान ठेवावे लागते. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा त्यानुसार गुन्हा आहे. कथेत भूत असले म्हणून लेखकाने भगताच्या बाजूने उभे राहण्याचे कारण नाही. उलट या प्रकारात ‘भूत खरे आणि मांत्रिक खोटा’ हे सूत्र फार चांगले चालते. लिंबू-बाहुलीचा उतारा तिकटीवर ठेवणारा बुवा बोलत असतो आणि ज्याला तो उतरवतो आहे ते भूत शेजारी उभे राहून त्याचे पैसे मोजत असते.

मराठी भुतांचे नियम

परदेशी लेखकाला भुताच्या मर्यादा घरी बसून शोधाव्या लागतात. मराठी लेखकाला त्या आजीकडून मिळतात. मुंज होऊन सोडमुंज होण्याआधी गेलेला मुलगा मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो. तो खोडकर असतो, घातकी क्वचित. गिऱ्हा पाण्यातला, रात्री नदी ओलांडणाऱ्याला खोल पाण्याकडे नेतो, पण त्याचे केस ज्याच्या हाती लागतील त्याची चाकरी करतो. चकवा दिसत नाही, नुसता रात्रभर त्याच शेतात फिरवतो. सवाष्ण गेलेल्या बाईची जखीण होते, आणि कोणत्या डब्यात काय ठेवले आहे हे घरात तिच्याइतके कोणाला ठाऊक नसते. वेताळ या सगळ्यांचा राजा. त्याची पालखी निघते, म्हणजे वरिष्ठांची परवानगी, हद्द आणि बदली हे सगळे सरकारी कारभाराचे विनोद आयते हाती येतात.

हेरकथेच्या दृष्टीने यात मुंजा सर्वांत कामाचा. तो अर्धवट शिकलेला, चौकस, कायमचा बारा वर्षांचा असतो, आणि त्याला झाड सोडून लांब जाता येत नाही. एका जागी बांधलेला साक्षीदार लेखकाला फार मानवतो. भुताचे पाय उलटे असतात ही समजूतही तपासाला उपयोगी पडते. उदाहरण घ्यायचे तर, पावसात अंगणातल्या चिखलावर आत येणाऱ्या पावलांचा माग आहे आणि बाहेर जाणारा नाही. फौजदार घर धुंडाळतो. वाड्यातली म्हातारी म्हणते, ‘अवो, आलं न्हाई ते, गेलंय.’

कोल्हापूरची पार्श्वभूमी

या शहरात गुपित टिकत नाही. तालमीचा कट्टा, दूध कट्टा, मिसळीच्या दुकानातला बाक, सगळीकडे कोणीतरी रिकामा बसलेला असतो आणि त्याने काहीतरी पाहिलेले असते. भूत हा त्यातला आणखी एक, फक्त जास्त रिकामा. ‘आरं भावा, मी बघितलंय की त्येला!’ असे तो बोंबलून सांगतो आणि ऐकणारा एकच असतो. इंग्रजी हेरकथेतले एकाकी, धुक्यातले भूत इथे उपरे वाटते. कोल्हापूरच्या भुताला मंडळ लागते.

जागांची तर चंगळ आहे. रंकाळ्यातला संध्यामठ पाणी उतरले की दिसतो, चढले की बुडतो. त्यात लपवलेली वस्तू कधी सापडेल हे पंचांगापेक्षा पावसावर ठरते. रंकाळ्याकाठचा नंदी दररोज एक गहू पुढे आणि एक तांदूळ मागे सरकतो, असे लोक सांगतात. इतक्या संथ तपासाची बरोबरी कोणतेही पोलीस ठाणे करू शकणार नाही. पन्हाळ्यावरची तीन मजली अंधारबाव दिवसाही काळोखी, खाली विहीर आणि बाहेर निसटायला वाट. नॉक्सने एका कथेत एकापेक्षा जास्त गुप्त वाटा नकोत असे बजावले होते. त्याने पन्हाळा पाहिला नसावा.

पण इथला सर्वांत देखणा सुगावा निर्जीव आहे. पावसाळ्यात पंचगंगा नदीवरचा राजाराम बंधारा पाण्याखाली गेला की नाही ही रोजची बातमी असते. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट हे आकडे शेंबड्या पोरालाही पाठ असतात. अमुक रात्री मी बंधाऱ्यावरून पलीकडे गेलो, असे सांगणारा संशयित त्या रात्रीच्या पातळीवरून खोटा ठरतो. त्याला भुताची गरजच नाही. भूत फक्त फौजदाराच्या टेबलावरचे जुने वर्तमानपत्र त्या पानावर उलटते, आणि तेही पंखा चालू असताना, म्हणजे संशयाला जागा राहते. करकर वाजणारी कापशी चप्पल अशीच. आवाज ऐकू येतो, माणूस दिसत नाही.

भूत किती जुने हे त्याच्या तोंडून कळले पाहिजे. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. त्याआधी मेलेला माणूस स्वतःला अजून संस्थानची प्रजा समजतो, जबाब संस्थानी फौजदारालाच देईन म्हणतो आणि चोरीचा माल आण्यांत सांगतो. १९१५ साली बांधलेल्या केशवराव भोसले नाट्यगृहाला तो पॅलेस थिएटर म्हणतो. हे नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये आगीत जळाले. तिथे वर्षानुवर्षे तिकिटाशिवाय नाटक पाहणाऱ्या भुताचे पुढे काय झाले, यावर एक चांगली कथा होईल, आणि ती फारशी विनोदी असणार नाही.

लेखकाचे काम

रहस्यकथा उलटी लिहितात. आधी गुन्हा कोणी, कसा, किती वाजता केला ते ठरते. मग तो झाकायचा कसा. सगळ्यांत शेवटी पहिले पान. भूत-हेरकथेत याच्या जोडीला आणखी एक हिशेब येतो. लाल कापडी बांधणीची दुकानी वही या कामाला उत्तम, कारण तिच्यात रकाने आयते असतात. एका रकान्यात खरे घडलेले, दुसऱ्यात भुताने पाहिलेले, तिसऱ्यात माणसाला पुराव्याने कळू शकेल असे. दुसरा आणि तिसरा रकाना यांत जेवढे अंतर, तेवढी कादंबरी. हे दोन रकाने फार लवकर जुळले तर लेखक भुताला काहीतरी विसरायला लावतो. भुताची विसरभोळी सवय ही बहुतेक वेळा लेखकाची डागडुजी असते.

वर्षाची लय दिवाळी अंकांनी बांधलेली असते. ‘मनोरंजन’ने १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढल्यापासून मराठी लेखकाचा हंगाम पावसाळ्यात सुरू होतो. संपादकांचे फोन आषाढात येऊ लागतात, आणि बाहेर पंचगंगा चढत असताना आत आश्विनातल्या अमावास्येचे वर्णन चालू असते. दुपार संशोधनात जाते: फिर्याद कशी लिहितात, पंचनाम्याला पंच कोण बसतो, गुजरीतला सराफ मोडीचे सोने कसे पारखतो. हे सगळे चहाच्या टपरीवर कळते, फक्त घाई करायची नाही. संध्याकाळी संवाद मोठ्याने वाचून पाहावे लागतात. कोल्हापुरी बोलीतला हेल कागदावर उतरत नाही, आणि ‘लई भारी’, ‘नाद खुळा’ प्रत्येक ओळीत पेरले की भूत नाटकातल्या गावरान नोकरासारखे बोलू लागते. ही चूक सर्रास होते. भूत जितके साधे, घरगुती बोलेल तितके खरे वाटते. तांबड्या रश्श्याचा वास घेऊन ते हळहळते, कारण भुताचा नैवेद्य अळणी असतो. विनोदाला तेवढे पुरे.

मालिका लिहिणाऱ्यापुढे शेवटी एक व्यावहारिक अडचण उरते. खुनी सापडला की भुताला गती मिळायला हवी, आणि गती मिळाली तर पुढचे पुस्तक कसे होणार? यावरची तोड पंचगंगेच्या घाटावर दर सकाळी पाहायला मिळते. दहाव्याला पिंड ठेवला जातो, नातेवाईक लांब उभे राहून कावळ्याची वाट पाहतात. कावळा शिवेना की मयताची इच्छा राहिली असे समजून एकेक वचन देऊ लागतात: धाकटीचे लग्न करू, बोअर मारू, थोरल्याशी भांडणार नाही. हाही तपासच, आणि संशयितांच्या तोंडूनच होणारा. कोणती इच्छा उच्चारताना कोणाचा आवाज बसला हे हेराने टिपायचे. खुनी पकडला जातो तरी कावळा फांदीवरच. भूत लेखकाच्या कानात सांगते की धाकटीचे लग्न वगैरे ठीक आहे, पण १९४८ साली शेजाऱ्याला दिलेली छत्री कोणी परत मागणार आहे का.