तोंडओळखीची माणसं आणि आपला मूड

नाशिकरोडहून सकाळी सातच्या सुमारास मुंबईकडे निघणाऱ्या पंचवटी एक्स्प्रेसमध्ये पासधारकांचं एक गावच वसलेलं असतं. कोण कुठे बसणार, पत्त्यांच्या डावात भिडू कोण, हे सगळं ठरलेलं. दसऱ्याला डब्याला झेंडूची तोरणं लागतात. यातले कित्येक जण एकमेकांच्या घरी कधी गेलेले नसतात, समोरच्याचं फक्त आडनाव माहीत असतं. अशा अर्धवट ओळखींचं आपल्या मनःस्वास्थ्यात काही काम असतं का? त्याच्याही आधीचा प्रश्न, अगदी अनोळखी माणसाशी बोलून बरं वाटतं का, हे शोधण्यासाठी संशोधकांनी खरोखरच आगगाडीचा डबा निवडला होता.

शिकागो विद्यापीठातल्या निकोलस एप्ली आणि जुलियाना श्रोडर यांचा तो प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला. शिकागोला कामाला जाणाऱ्या प्रवाशांचे त्यांनी गट केले. काहींना सांगितलं, आज शेजारच्या अनोळखी माणसाशी बोला. काहींना सांगितलं, अगदी गप्प बसा. बाकीच्यांनी रोजच्यासारखा प्रवास करायचा. उतरल्यावर प्रत्येकाने फॉर्म भरून द्यायचा. सगळ्यात मजेत प्रवास झाला तो बोलणाऱ्यांचा. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. दुसऱ्या काही प्रवाशांना प्रयोगाची फक्त कल्पना करायला सांगितली, तर त्यांचा अंदाज नेमका उलटा निघाला: बोलावं लागलं तर प्रवास सगळ्यात कंटाळवाणा होईल.

म्हणजे आपल्याला कशाने बरं वाटेल, याचा आपलाच हिशेब चुकतो. संशोधकांना कारणही सापडलं. जवळजवळ प्रत्येकाला वाटत होतं की आपली बोलायची तयारी आहे, समोरच्याला मात्र नको आहे. दोघंही असाच विचार करत खिडकीबाहेर बघत बसतात. बोलणं झाल्यावरही हा संशय सुटत नाही. एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली दाखवलं की पहिल्या गप्पांनंतर आपण समोरच्याला जेवढे आवडलो असं आपल्याला वाटतं, त्यापेक्षा प्रत्यक्षात जास्त आवडलेले असतो.

जवळच्या नात्यांचं महत्त्व वेगळं सांगायला नको. आरोग्य आणि नाती यांवरच्या १४८ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१० साली निघाला, तीन लाखांहून अधिक माणसांचा. ज्यांची नाती भक्कम, त्यांची अभ्यासाच्या काळात जगण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी जास्त होती. पण तोंडओळखींकडे मानसशास्त्राचं लक्ष बरंच उशिरा गेलं. मानसशास्त्रज्ञ जिलियन सँडस्ट्रॉम टोरोंटोत शिकत असताना रोज एका हॉट डॉग विकणाऱ्या बाईंच्या गाडीवरून जायच्या. खरेदी क्वचितच व्हायची, पण हसून हात हलवला की आपण इथल्याच आहोत असं त्यांना वाटायचं. पुढे त्यांनी एलिझाबेथ डन यांच्यासोबत त्यावरच संशोधन केलं. सहभागी माणसांच्या खिशात दोन मोजणी यंत्रं दिली, एक जवळच्यांशी झालेल्या बोलण्यासाठी, दुसरं ओळखीपुरत्या माणसांसाठी. ज्या दिवशी दुसऱ्या यंत्राचं बटण नेहमीपेक्षा जास्त वेळा दाबलं गेलं, त्या दिवशी मन जास्त प्रसन्न होतं. कॉफीच्या दुकानात केलेल्या प्रयोगातही तेच दिसलं. काउंटरवर दोन शब्द बोलणारे, झटपट कॉफी घेऊन निघणाऱ्यांपेक्षा आनंदी होते, आणि त्यामागे होती आपलेपणाची भावना.

नाशिककरांना यात नवल वाटू नये. कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर रोज भेटणारे काका, गंगेवरच्या (म्हणजे गोदाकाठच्या) बुधवारच्या बाजारातल्या ठरलेल्या मावशी, नाव न विचारता वर्षानुवर्षं चाललेली अशी ओळख इथे भरपूर. मात्र तिच्या जागा कमी होत चालल्या आहेत. वाड्यांचे ओटे गेले, सोसायटीत लिफ्ट आली आणि लिफ्टमध्ये मोबाइल. पूर्वी सुट्ट्या पैशांवरून तरी दोन वाक्यं व्हायची. आता मोबाइलवरून पैसे दिले की ‘पन्नास रुपये मिळाले’ हेसुद्धा दुकानातलं ते डबडंच बोलतं.

अर्थात हे निष्कर्ष सरासरीचे, आणि मोजला गेला तो त्या त्या वेळचा मूड. नैराश्य भाजीवालीशी बोलून जात नाही. त्याला डॉक्टर लागतो (टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येतं). बाईमाणसाला अनोळखी पुरुषाशी बोलताना जो विचार करावा लागतो, तोही या आकड्यांत येत नाही. ज्याच्याशी बोलावंसं वाटत नाही, त्याच्याशी न बोलणंच बरं.

बुजऱ्या माणसांसाठी सँडस्ट्रॉम यांचा २०२२चा अभ्यास अधिक कामाचा आहे. एकदा गप्पा चांगल्या झाल्या तरी माणूस ‘आज नशीब चांगलं होतं’ म्हणतो आणि पुढच्या वेळी पुन्हा घाबरतो. म्हणून त्यांनी विद्यार्थ्यांना खेळाच्या निमित्ताने सलग काही दिवस अनोळखी माणसांशी बोलायला लावलं. रोज थोडी भीती कमी झाली, आपल्याला बोलता येतं हा भरवसा वाढला आणि आठवड्यानंतरही तो टिकून होता. नाशिकमध्ये असा सराव करायचा तर ठरावीक दुकान आणि ठरावीक वेळ धरावी, म्हणजे तीच माणसं पुन्हा भेटतात. विषयाची अडचण नाही. ‘कोथिंबीर एवढी का महागली?’ एवढं विचारलं तरी पावसापासून मार्केट यार्डापर्यंतचं सगळं ऐकायला मिळतं.